पडद्यावरचा तमाशा आणि आपल्या गावचा तमाशा



जुन्नर-आंबेगावात येऊन चित्रपट समीक्षेवर काय बोलायचं, असा प्रश्न काही जणांच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. इथे शिवनेरीवर बोलावं, लेण्याद्रीवर बोलावं, नाणेघाटातल्या शिलालेखावर बोलावं, नाहीतर डिंभ्याच्या पाण्यावर बोलावं. समीक्षा हे पुण्या-मुंबईकडचं काम, असा आपला समज असतो. आज आपण नेमकं याच्या उलट म्हणणार आहोत. मराठी सिनेमाचा एक मोठा भाग म्हणजे तमाशापट. हे तमाशापट नीट पाहायला जी माहिती लागते, ती या दोन तालुक्यांत जितकी आहे तितकी क्वचितच दुसरीकडे असेल. पण पडद्यापुढे बसलो की ती माहिती आपण चपलांबरोबर दाराबाहेर ठेवतो. ती आत कशी न्यायची, आणि नेल्यावर सिनेमा पाहण्यात काय भर पडते, एवढाच आजचा मुद्दा आहे.

आधी एक नेहमीचा आक्षेप घेऊ. लोक म्हणतात, सिनेमा मजेसाठी पाहायचा असतो, त्याची चिरफाड केली की मजा जाते. या आक्षेपात तथ्य नाही असं नाही. बरीचशी समीक्षा म्हणून जी आपल्यापर्यंत पोचते, ती असते पाचपैकी साडेतीन तारे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट बघून माल कुठल्या प्रतीचा ते माणूस एका नजरेत सांगतो, तसलंच हे काम. त्याचा उपयोग आहे, तिकिटाचे पैसे वाचतात. पण माल कुठल्या प्रतीचा हे कळल्यानं टोमॅटोची चव कळत नाही. जमीन कुठली, पाणी किती दिलं, हे तर मुळीच कळत नाही. आपण ज्या समीक्षेबद्दल बोलतो आहोत ती प्रतवारीच्या पुढची आहे. सिनेमा पाहताना आपल्याला जे जाणवलं ते का जाणवलं, आणि जे दिसलं नाही ते का दिसलं नाही, याचा शोध म्हणजे ही समीक्षा.

आणि बोलण्यानं मजा जाते हे तर आपल्या भागातल्या माणसानं म्हणूच नये. तमाशाची घडणच बघा ना. गण झाला की गौळण लागते. गौळणीत कृष्ण आला, गवळणी आल्या, आणि त्यांच्याबरोबर मावशी आली. देवाची गोष्ट चाललेली असताना मावशी भलताच व्यवहारी प्रश्न विचारते. पुढे वगात राजा दरबारात बसलेला असतो आणि सोंगाड्या त्याच्याशी बोलता बोलता मध्येच आपल्याकडे वळतो. राजाच्या बोलण्यातली खोट तो आपल्याला दाखवून देतो, गावच्या सरपंचाला एक टोला हाणतो आणि परत वगात शिरतो. यानं वग मोडतो का? उलट राजा जास्त कळतो. म्हणजे गोष्ट आणि गोष्टीवरचं भाष्य एकाच बोर्डावर, एकाच वेळी, हे आपल्याला शेकडो वर्षं ठाऊक आहे. सिनेमात मात्र सोंगाड्याची ती जागा रिकामी असते. पडदा आपल्याकडे वळून बोलत नाही. ती रिकामी जागा भरायचं काम समीक्षकाचं. चांगला समीक्षक सिनेमातल्या राजाला खाली ओढत नाही, तो आपल्याला राजा नीट दाखवतो.

मराठीत हे काम मनापासून करणारी माणसं आहेत. अरुण खोपकरांचं ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक १९८५ साली आलं. ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ या तीन सिनेमांवरचं. ही गाणी तर आपण सगळे लहानपणापासून गुणगुणत होतो. पण पडद्यावरचा उजेड-अंधार, कॅमेऱ्याची हालचाल, माणसामाणसांतलं अंतर, यांतूनही दुःख सांगता येतं, हे ते पुस्तक वाचल्यावर कित्येकांना पहिल्यांदा दिसलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर यांनी अनेक वर्षं चित्रपट रसास्वाद शिकवला. एकच सिनेमा थांबवून थांबवून, पुन्हा पुन्हा पाहायचा, ही त्यांची रीत. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं आणि सिनेमा पाहून झाल्यावर त्यावर बोलायचं हा रिवाज मराठी प्रेक्षकांत रुजला. या सगळ्यांनी आपल्याला पाहायला शिकवलं. आता आपण आपल्या घरची गोष्ट घेऊन तेच करून पाहू.

‘पिंजरा’ घेऊ. व्ही. शांतारामांचा, १९७२ सालचा. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. आदर्श गाव, आदर्श मास्तर. गावात तमाशा येतो, मास्तर त्याला हुसकावतात. चंद्रकला चिडते, मास्तरांच्या हातात तुणतुणं देऊन त्यांना बोर्डावर उभं करण्याची प्रतिज्ञा करते आणि ती खरी करते. दुसऱ्याच एका माणसाचं प्रेत मास्तरांचं म्हणून गावासमोर येतं. गावाच्या लेखी मास्तर मेले, पूजनीय झाले. जिवंत मास्तर फडाबरोबर भटकत राहतात आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात सापडतात.

हा सिनेमा आपण वर्षानुवर्षं कसा पाहिला? बाईच्या नादानं भला माणूस बुडाला, असा. मास्तरांचा पिंजरा म्हणजे तमाशा. आता समीक्षेनं दिलेली एक माहिती यात घालू. या गोष्टीचं मूळ १९३०च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन सिनेमात आहे. त्यातही शिक्षक आहे आणि गाणारी बाई आहे. पण तो प्रोफेसर मुळातच चिडका, पोरांनी टोपणनावानं चिडवलेला. तो बाईशी लग्न करतो, तिच्या कंपनीत विदूषक होतो, आपल्याच गावात लोकांसमोर कोंबड्यासारखा आरवतो आणि शेवटी आपल्या जुन्या वर्गात जाऊन टेबलावर डोकं ठेवून मरतो. तिथे गाव त्याची पूजाबिजा करत नाही. गावाला त्याचं काही पडलेलंच नाही.

मग आपल्याकडे काय नवं आलं? पूजा आली. गावाला मास्तरांची मूर्ती हवी. मास्तरांनाही ती मूर्ती इतकी प्यारी आहे की तिला तडा जाऊ नये म्हणून ते फासावर जायला तयार होतात. हे एकदा दिसलं की प्रश्न पडतो, पिंजरा नेमका कुठला? तमाशाचा तंबू, की गावानं मास्तरांभोवती आधीच उभारलेला मोठेपणा? फडात मास्तर तुणतुणं घेऊन उभे आहेत, त्यांची अवहेलना होते आहे, पण तिथे ते निदान माणूस म्हणून जिवंत आहेत. गावात त्यांना फक्त मेल्यावरच जागा आहे. डॉ. लागूंचा चेहरा या नजरेनं पुन्हा पाहा. त्यात नुसता पश्चात्ताप दिसत नाही. त्यामागे एक मोठी भीतीही दिसते, आपण माणूस आहोत हे गावाला कळेल याची भीती.

बघा, सिनेमा तोच आहे. एकही फ्रेम बदललेली नाही. पण आता तो ‘बाईपायी बरबादी’च्या गोष्टीपेक्षा मोठा झाला. रामभाऊ कदमांच्या चाली तितक्याच गोड राहिल्या, निळू फुल्यांचं काम तितकंच धारदार राहिलं, आणि वर आणखी एक सिनेमा हाती लागला. भर पडते ती अशी.

आता दुसरी पायरी, आणि इथे आपल्या तालुक्यांचं ज्ञान कामाला येतं. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची पंच मंडळी येतात, तारखा बघतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. एका मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं, ट्रक, कनात, लाईट, स्वयंपाक. कलावंतांना दिलेली उचल, फडमालकाच्या डोक्यावरचं कर्ज, आणि पाऊस लवकर आला तर बुडालेला हंगाम. ढोलकी फडाचा तमाशा आणि संगीत बारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. ढोलकी फड गावोगाव फिरतो, त्यात गण-गौळण आहे, वग आहे, सोंगाडे आहेत. संगीत बारी थिएटरात बसते, तिथे लावणी आणि अदाकारी मुख्य.

मग बहुतेक तमाशापटांत काय दिसतं? दोन्हींची सरमिसळ. फड फिरता दाखवायचा आणि बोर्डावर बारीतली लावणी लावायची. वग जवळजवळ गायब. सोंगाड्या उरला तर विनोदाला. शंभर माणसांचा संसार गळून पडतो आणि उरतात दोघं : नाचणारी बाई आणि पुढच्या रांगेत मिशीवर हात फिरवणारा पाटील. कॅमेरा एकदा तिच्यावर जातो, एकदा त्याच्यावर. आपण बसलेलो असतो कुठे? पाटलाच्या मांडीला मांडी लावून. खऱ्या यात्रेत तर सगळा गाव जमिनीवर बसलेला असतो, म्हाताऱ्यांपासून आईच्या कुशीत झोपलेल्या पोरांपर्यंत. सिनेमानं आपली ती जागा बदलली आणि आपल्याला कळलंही नाही.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, सिनेमाच आहे. पण बघा, ज्या राज्यातल्या लाखो लोकांनी कधी राहुटी पाहिलेली नाही, त्यांच्या मनातला तमाशा हा सिनेमातूनच आलेला आहे. तमाशातली बाई म्हणजे कोण, हे त्यांनी पडद्यावर शिकून घेतलं. त्या चित्राची किंमत पडद्यावरच्या नट्यांना द्यावी लागत नाही. ती द्यावी लागते फडातल्या मुलीला, तिच्या लेकराला शाळेत, भाड्याची खोली बघताना, दवाखान्यात नाव सांगताना. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावंतांवर लिहिलेल्या निबंधात हाच धागा पकडला होता. या बायकांचे श्रम, त्यांची जात, त्यांचं शरीर, आणि त्यांच्या कलेतून नाव-पैसा कुणाला मिळतो, हे सगळं त्यांनी एकत्र ठेवून पाहिलं. शैलजा पाईक यांच्या २०२२च्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या पुस्तकानं दलित तमाशा कलावंत बायकांच्या संदर्भात अश्लील हा शिक्का कुणी, कुणावर आणि का मारला, ते उलगडलं. हे लेखन वाचून तमाशापट पाहिला तर लावणी कमी सुंदर दिसत नाही. पण ती गाणारी बाई एक माणूस म्हणून दिसायला लागते.

याचा अर्थ सगळे तमाशापट खोटे, असा काढू नका. हीच गफलत अर्धवट समीक्षा करते. हातात एक फूटपट्टी घ्यायची, सिनेमा मोजायचा आणि आरोपपत्र ठेवायचं. असं केलं की सिनेमा हातचा जातो. सिनेमाचे कान उपटण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून आता ‘सांगत्ये ऐका’ घेऊ.

अनंत मान्यांचा हा सिनेमा १९५९चा. पुण्याच्या विजयानंदला तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. जयश्री गडकरांचं नाव त्यानं घरोघरी नेलं. लोक त्यातल्या ‘बुगडी’च्या लावणीची आठवण काढतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या सिनेमाचं नाव एकदा शांतपणे उच्चारून बघा. बोलणारी बाई आहे आणि ऐकणारं गाव आहे. एका गावात झालेल्या अन्यायाची गोष्ट तमाशाच्या बोर्डावरून गावालाच ऐकवायची, ही त्या सिनेमाची कल्पना. म्हणजे इथे तमाशा माणसाला बिघडवणारी जागा राहत नाही, खरं बोलायची एकमेव जागा होते. त्याच सिनेमात काम केलेल्या हंसा वाडकरांनी पुढे आपलं आत्मचरित्र सांगितलं, तेव्हा त्याला हेच नाव दिलं. पडद्यावरच्या बाईचं वाक्य पडदा सोडून खऱ्या बाईच्या तोंडी गेलं. आणि त्या आत्मचरित्रावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली ‘भूमिका’ केला.

आता हा सिनेमा ‘पिंजरा’शेजारी ठेवा. १९५९ साली तमाशातली बाई बोलते, गाव ऐकतं. १९७२ साली खरं काय घडलं ते चंद्रकलेला माहीत आहे, पण ते गावापर्यंत पोचत नाही. गाव आपली मूर्ती घेऊन सुखात राहतं. मधल्या तेरा वर्षांत बाईचं बोलणं कुठे हरवलं? या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर देता येणार नाही, आणि द्यायची घाईही नको. पण हा प्रश्न दोन सिनेमे शेजारी ठेवल्याशिवाय पडतच नाही. समीक्षा हे शेजार घडवून आणते.

तिसरा सिनेमा ‘नटरंग’. आनंद यादवांच्या कादंबरीवरून रवी जाधवांनी केलेला, १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झालेला. तरण्या पोरांना वेगळं सांगायला नको. पैलवानी अंगाचा गुणा, त्याला राजा व्हायचंय, पण फडाला नाच्या हवा म्हणून तो नाच्या होतो. अतुल कुलकर्णींनी शरीर कसं बदललं याचीच चर्चा जास्त झाली. आपण त्यात इतिहासाची एक ओळ घालू. बायका तमाशाच्या बोर्डावर आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे. आपल्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा ही त्यातली पहिली नामवंत मानली जाते, पठ्ठे बापूरावांच्या फडातली. त्याआधी बोर्डावर नाचत होती ती पोरं. नाच्या पोऱ्या ही तमाशातली रूढ गोष्ट होती. हे डोक्यात ठेवून गुणाची फरपट पाहिली की प्रश्न बदलतो. पुरुषानं बाईसारखं चालणं ही आपल्याकडे एवढी शरमेची गोष्ट कधीपासून झाली? पणजोबाच्या काळात जे कौतुकानं पाहिलं जायचं, त्यासाठी नातवंडं माणसाला मोडून टाकतात, हे कसं घडलं? गुणाचं दुःख मग एका कलावंताच्या हट्टापुरतं उरत नाही. ते आपल्या सगळ्यांच्या विसराळूपणापर्यंत येऊन पोचतं.

मंडळी, हे सगळं आज बोलायची निकड काय, तेही सांगून ठेवू. हे ज्ञान म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे आणि ती माणसं चालली आहेत. २०२० आणि २०२१च्या यात्रा कोरोनात गेल्या, त्या दोन वर्षांत फडांचं कंबरडं मोडलं. आता कित्येक फडांत वग आखडला आणि सिनेमाच्या गाण्यांवरचा नाच वाढला. म्हणजे गंमत अशी, की सिनेमानं तमाशाचं जे चित्र काढलं, तमाशाच आता त्या चित्रासारखा दिसू लागला आहे. मूळ काय होतं हे सांगणारा माणूस उरला नाही, तर उद्या पडद्यावर काहीही दाखवलं तरी ते खरंच मानावं लागेल.

नारायणगाव म्हटलं की विठाबाईंचं नाव येतंच. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातली ही लेक. दिवस भरलेले असताना बोर्डावर उभी राहिली, पडद्यामागे बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि परत नाचायला आली, हा प्रसंग गावोगाव सांगितला जातो. समजा, उद्या हा प्रसंग पडद्यावर आला. मोठं संगीत असेल, हळू चाललेला कॅमेरा असेल, थिएटरात टाळ्या पडतील. त्या वेळी आपण काय विचारणार? ती परत बोर्डावर का गेली? कलेच्या प्रेमानं, की बाहेर बसलेलं पब्लिक थांबायला तयार नव्हतं म्हणून, की खेळ बुडाला तर शंभर माणसांचं पोट अडलं असतं म्हणून? त्या दृश्यात कॅमेरा प्रेक्षकांकडे वळेल का? शिट्ट्या मारणारे कोण होते, ते दाखवेल का? ते आपलेच आजे-पणजे होते. सिनेमानं हे टाळलं तर ते सांगायचा पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी आपली. आणि त्यानं हे धीटपणे दाखवलं, तर ते ओळखून मान द्यायची जबाबदारीही आपलीच.

यासाठी फिल्म इन्स्टिट्यूटची पदवी लागत नाही. तमाशावरचा सिनेमा पाहाल तेव्हा एखाद्या जुन्या ढोलकीवाल्याला शेजारी बसवा. पडद्यावरचा हात आणि ऐकू येणारा ठेका जुळतो का, विचारा. फडात स्वयंपाक केलेल्या मावशींना विचारा की या तंबूत चूल कुठे दिसली का. यात्रा कमिटीतल्या जाणत्याला विचारा की सुपारी अशी ठरते का. ते जे बोलतील ते वहीत लिहून ठेवा, तारीख घाला. मंचरच्या, घोडेगावच्या, जुन्नरच्या कॉलेजांतल्या पोरांनी वर्षाला एक सिनेमा असा पाहिला तरी पाच वर्षांत मराठी तमाशापटांवरची अशी समीक्षा तयार होईल, जी पुण्या-मुंबईला लिहिता येणार नाही. आणि हे व्याख्यान लांबून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं, की तुमच्याही गावाला असं काहीतरी नक्की ठाऊक असेल. कुठे मासेमारी, कुठे गिरणी, कुठे ऊसतोड. त्यावरचा सिनेमा लागेल तेव्हा ते ठाऊक असलेलं बरोबर घेऊन जा.

सोंगाड्या बोर्डावरून उतरला की वग आंधळा होतो, असं आपल्याला वाटतं. पडद्यासमोर ती जागा रिकामी आहे. तिथे जाऊन उभं राहायला हरकत नाही.

इथे आपण थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि ज्यांनी फडात काम केलंय त्यांनी आधी बोलावं, अशी विनंती.